विमानाला पडलेली भेग

विमान किती वर्षांचे, यापेक्षा किती वेळा उडाले, ते महत्त्वाचे. दर उड्डाणात केबिनमधल्या नि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक वाढतो, उतरताना कमी होतो. पत्रा ताणतो नि सैलावतो. उद्योगपतींची छोटी जेट तर चाळीस हजार फुटांवर जातात, तिथे ताण अधिकच. मग रिव्हेटच्या भोकापाशी केसाएवढी भेग, आपल्या कन्नडमधली ‘बिरुकु’, पडते. डोळ्यांना न दिसणारी भेग एडी करंटच्या यंत्राने शोधतात, खराब भाग कापून जोडपत्रा ठोकतात.

१९८८ साली हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या १९ वर्षे जुन्या, ८९,६८० उड्डाणे झालेल्या बोईंगचे छप्पर आकाशातच उडाले. एक हवाईसुंदरी गेली. चढताना एका प्रवासी महिलेने भेग पाहिली होती, पण ती बोलली नाही. मला तिचा राग येत नाही. एवढे इंजिनिअर असताना आपण कोण सांगणार, असे कुणालाही वाटते.