डांबर नको, मुरूम द्या!

मागच्या महिन्यात आमच्या विंगमधल्या एकाने मेसच्या टेबलावर मोबाईल पुढे सरकवला. म्हणाला, "हे बघ, याला म्हणतात सायकलिंग!" स्क्रीनवर ऑस्ट्रियातलं वाखाउ खोरं होतं. एका अंगाला डॅन्यूब नदी, दुसऱ्या अंगाला उतारावर द्राक्षांचे मळे आणि नदीकाठाने जाणारी सायकलवाट. गाडी एकही नाही. वरणात पोळी बुडवता बुडवता मी सहज बोललो, "असला रस्ता आमच्या औंढ्याला पण आहे." असा हशा पिकला की रेक्टर सर डोकावून गेले.

हसा लेको. पण रस्ता आहे!

औंढा नागनाथ म्हटलं की लोकांना ज्योतिर्लिंग आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण आमच्याच तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. वरच्या येलदरी धरणात पाणी साठतं, वीज तयार करून खाली येतं, सिद्धेश्वरला पुन्हा अडतं आणि तिथून कालव्याने वसमतच्या बाजूला जातं. या कालव्याच्या भरावावरून, पाण्याच्या कडेकडेने मुरमाची वाट आहे. कालव्याची देखरेख करायला केलेली. गावात तिला नुसतं 'कॅनॉलचा रस्ता' म्हणतात. द्राक्षं नाहीत, कबूल. पण हळद आहे, ऊस आहे, कापूस आणि तूर आहे. पाण्याची पाळी सुटलेली असली की सकाळी शेजारून पाणी वाहताना ऐकू येतं. हॉर्न ऐकू येत नाही.

आणि सिव्हिलवाल्यांनो, एक गोष्ट तुमच्या लक्षात यायला हवी होती. कालव्यातलं पाणी पंपाने नाही, आपल्या वजनाने वाहतं. म्हणून कालवा कंटूर धरून वळसे घेत जातो आणि किलोमीटरमागे त्याला साधारण हातभराच्या आतबाहेरच उतार असतो. म्हणजे त्याच्या काठची वाट जवळजवळ सपाट! सायकलसाठी रस्ता आखायला कोणी सांगितलं असतं तरी याहून चांगली लाईन सापडली नसती. बाहेरच्या देशांनी तरी वेगळं काय केलं? डॅन्यूबच्या काठाने पूर्वी घोडे नावा ओढत न्यायचे, त्या वाटा आज सायकलला कामी येतात. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅली म्हणून वाईनचं खोरं आहे. तिथला रेल्वेमार्ग १९८३ च्या वणव्यात खराब झाला. लोकांनी रूळ गेलेल्या त्या पट्ट्यावर खडी-मातीची तीसेक किलोमीटरची सायकलवाट केली, नाव रीझलिंग ट्रेल. एका कामासाठी केलेली सपाट वाट दुसऱ्या कामाला लावली, एवढीच काय ती अक्कल.

आता हे सगळं मी हौसेपोटी सांगतोय असं वाटेल. तसं नाही. माझी धाकटी बहीण नववीत आहे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, तशी तिलाही मिळाली. महिनाभर पोरगी हवेत होती. मग उसाचा सीझन सुरू झाला. एका संध्याकाळी दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर तिच्या अंगाला चाटून गेला आणि ही साईडपट्टीवरून खाली खड्ड्यात. गुडघा सोलला, बाकी काही नाही, देवाची कृपा. पण आईने दुसऱ्या दिवसापासून काळी-पिवळीचे पैसे द्यायला सुरुवात केली. सायकल गोठ्यात आहे. तिच्या हँडलवर सध्या दावं टांगतात. शाळा आणि घर यांच्यामधला निम्मा रस्ता कॅनॉलच्या काठाने होऊ शकतो, पण तो इतका उखडलाय की त्यावरून एकट्या मुलीला कोण पाठवणार?

यावर गावचं उत्तर ठरलेलं आहे, "डांबर टाका." वसमतकडचा माझा रूममेटही हेच म्हणतो. त्याची आजी रात्री आजारी पडली तेव्हा चिखलात जीप रुतली होती. त्याच्या बोलण्याला मी नाही म्हणू शकत नाही. गाव ते दवाखाना रस्ता पक्काच पाहिजे, त्यात वाद नाही. पण कॅनॉलचा भराव वेगळा. तिथे डांबर पडलं की वर्षभरात तो शॉर्टकट होणार, टिप्पर येणार, उसाच्या ट्रॉल्या येणार. भराव पाणी अडवायला बांधलाय, जड वाहतूक पेलायला नाही. तो खचला तर टेलच्या शेतकऱ्याचं पाणी जाईल. आणि माझ्या बहिणीच्या मागे पुन्हा तोच ट्रॅक्टर!

म्हणून म्हणतो, मुरूमच द्या, पण नीट द्या. वाटेला मधे तीन टक्के कॅम्बर ठेवा. तीन मीटर रुंदीला मधला भाग कडेपेक्षा फक्त साडेचार सेंटिमीटर उंच लागतो. परीक्षेत दोन मार्कांना लिहून येतो आपण हे! पाणी वाटेवर थांबलं नाही तर निम्मे खड्डे पडतच नाहीत. पाईपलाईनसाठी वाट आडवी खोदतात आणि चर काळ्या मातीने बुजवतात. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि पुढचं चाक बरोबर तिथेच अडकतं. तिथे मुरूम भरून धुम्मस केला तर काम होतं. वेडी बाभूळ दरवर्षी तोडावी लागेल (एका सकाळी माझे तीन पंक्चर झालेत, त्यामुळे या झाडाबद्दल मी निःपक्षपाती नाही). आणि जिथे शाळकरी पोरं जातात तिथे कालव्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि धरायला साखळी हवीच. पाणी वाहतं असताना अस्तरीकरणाच्या उतारावरून वर येणं पोहणाऱ्यालाही जड जातं.

बैलगाडी आणि शेतात जाणारा ट्रॅक्टर यांना मात्र अडवू नये. ज्याचं शेत त्याची वाट आधी. अडवायचं आहे ते आरपार जाणाऱ्या गाड्यांना.

आमच्या तालुक्याला शांततेची आणखी एक गरज आहे. लायगो-इंडियाची वेधशाळा आमच्याकडे दुधाळ्याच्या शिवारात ठरली आहे. २०२३ साली केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय तर अवकाशातून आलेली अणूच्या केंद्रापेक्षाही बारीक थरथर. जमीन शांत आहे हे जागा निवडण्याचं एक मोठं कारण. अमेरिकेत लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेला आसपासची लाकूडतोड आणि मालगाड्या यांच्या हादऱ्यांनी सुरुवातीला दिवसा काम करणं अवघड केलं होतं. उद्या तिथे येणाऱ्या शास्त्रज्ञांना, कामगारांना, त्यांच्या पोरांना फिरायला सायकलवाट असेल तर सायकलच्या हादऱ्याने कोणाचा ग्राफ बिघडणार नाही!

असो. नुसतं लिहून मॅगझीनची पानं भरतात, वाट भरत नाही. सर्व्हे लॅबची ऑटो लेव्हल सुट्टीत चार दिवस मिळेल का, असं सरांना विचारलंय. ते नाही म्हणालेले नाहीत. सिद्धेश्वरपासून पहिले पाच किलोमीटर मोजायचे, दर तीस मीटरला क्रॉस सेक्शन, चर आणि खड्डे नकाशावर, आणि तो कागद जलसंपदाच्या ऑफिसात नेऊन द्यायचा. स्टाफ धरायला दोघं लागतील. राहायला आमचं घर आहे, जेवण मेसपेक्षा बरं मिळेल. पंक्चरचं सामान ज्याचं त्याने आणावं.