समक्ष भेट आणि दूरभेट

गेल्या वैशाखांत आमचें कणकवलीस जाणें झालें. ज्या स्नेह्यांकडे आम्ही उतरलों त्यांच्या घरीं एक प्रश्न दोन वर्षें भिजत पडला होता. तो ज्या रीतीनें सुटला ती आम्हीं डोळ्यांनीं पाहिली, म्हणून आज या विषयास हात घालीत आहों. घर जांभ्या चिऱ्याचें, पुढें पडवी, खळ्यांत तुळशीवृंदावन, मागें वीस-पंचवीस कलमें. वडील निवर्तल्यास सात वर्षें झालीं. मातोश्रींनीं ऐंशी ओलांडली आहे. थोरले चिरंजीव सपत्नीक त्यांच्यापाशींच राहतात, धाकटे दोघे पुणें व ठाणें येथें आणि कन्या अमेरिकेंत, न्यू जर्सी येथें. घर राखावें कीं विकावें, आणि विकल्यास आईनें कोठें राहावें, हा तो प्रश्न.

चौघां भावंडांनीं त्यासाठीं तीनदां बैठक भरविली. बैठक म्हणजे फोनच्या पडद्यावर. कचेरींत ज्यास व्हिडिओ कॉन्फरन्सिंग व घरांत व्हिडिओ कॉल म्हणतात, त्यास या लेखापुरतें आम्ही 'दूरभेट' म्हणूं. तिसऱ्या दूरभेटींत चाळीस मिनिटांत निकाल लागला: घर विकावें, आईनें पुण्यास जावें. आईस विचारलें, ती "बरें" म्हणाली. गिऱ्हाईकही पाहून ठेवलें. आतां उरल्या त्या केवळ सह्या, असें सर्वांस वाटलें.

दूरभेटीची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. कोंकणांतील घरांनीं तर ती मुळींच करूं नये. ज्यांच्या आजोबांनीं मनिऑर्डरीच्या कुपनावरील चार ओळींवर महिना काढला, ज्यांच्या वडिलांनीं पोस्टांत ट्रंक कॉल लावून तासन् तास बांकावर वाट पाहिली, त्या घरांतील आजीला आज समुद्रापलीकडच्या नातवाचे नवे दांत दिसतात. (तारेची सेवा तर २०१३ च्या जुलैंत बंदच झाली, तार आली म्हणतांच घरांत पसरणारी ती धास्तीही तिच्याबरोबर गेली.) २०२० सालीं टाळेबंदी आली तेव्हां दूरभेट ही चैन न राहतां गरज झाली. त्या वर्षीं गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती. गांवीं येणाऱ्या चाकरमान्यांस दहा दिवस विलगीकरणांत काढणें भाग होतें, म्हणून पुष्कळांस येतां आलें नाहीं. कित्येक घरीं मखरापुढें एकटें वडील माणूस आणि भिंतीस टेकवून ठेवलेला फोन, असा देखावा दिसला. गुरुजींनीं मंत्र आपल्या घरून सांगितले, यजमानांनीं पूजा आपल्या घरीं केली. शास्त्रार्थ कोणीं विचारला नाहीं, आणि ती वेळही शास्त्रार्थाची नव्हती. त्याच पावसाळ्यांत कणकवली तालुक्यांतील एका खेड्यांतली, मुंबईस पशुवैद्यक शिकणारी मुलगी, घरीं रेंज मिळत नाहीं म्हणून डोंगरावर जाऊन वर्ग ऐकत असे. प्रथम छत्री धरून, मग भावांनीं बांधून दिलेल्या खोपींत. ती हकीकत तेव्हां वृत्तपत्रांतून सर्वत्र गाजली. दूरभेट 'घरबसल्या' होते असें म्हणणारांनीं ती ध्यानांत ठेवावी.

माणूस समोर असणें म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. त्यावर सर्वोच्च न्यायालयासही खल करावा लागला आहे, आणि त्यांतील पहिला महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रांतील खटल्यांतलाच आहे. मुंबईंतील एका शस्त्रवैद्यावरील खटल्यांत न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांची साक्ष हवी होती. ते साक्ष देण्यास राजी, परंतु त्यासाठीं येथवर येण्यास राजी नव्हते. पुरावा आरोपीच्या 'उपस्थितींत' घ्यावा असें त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचें २७३ वें कलम सांगत असे. मुंबई उच्च न्यायालयानें पडद्यावरील साक्ष नाकारली. सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिल २००३ रोजीं ती मान्य केली. साक्षीदार दिसतो, ऐकूं येतो, त्याच्या चर्येवरील भाव टिपतां येतात, तर ही उपस्थितिच होय, असा त्या निकालाचा आशय.

परंतु ९ ऑक्टोबर २०१७ रोजीं नवराबायकोच्या तंट्यांविषयीं त्याच न्यायालयानें हात आंखडता घेतला. दावा आपल्या गांवच्या न्यायालयांत न्यावा अशी विनंति कोणी केली, तर 'त्यापेक्षां पडद्यावर हजर व्हा' असें सांगण्याचा पायंडा त्याच वर्षाच्या आरंभीच्या एका निकालानें पडूं लागला होता. तो तिघांपैकीं दोघां न्यायमूर्तींनीं मोडला. समेटाचे प्रयत्न चालू आहेत तोंवर दोघांनीं समक्ष यावें. ते फसले व उभयतांनीं संमति दिली, तरच न्यायालयानें पडद्याचा विचार करावा, असें बहुमत पडलें. न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांचें मत निराळें होतें. न्याय लोकांच्या आटोक्यांत आणणाऱ्या साधनास असा सरसकट अडसर घालूं नये, असें त्यांचें म्हणणें. लहान मूल कडेवर घेऊन परगांवच्या न्यायालयांत हेलपाटे घालणारी स्त्री ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें म्हणणें पटेल. आम्हांसही पटतें, तथापि आमचा कल बहुमताकडेच आहे. साक्ष पडद्यावरून येऊं शकते. समेट मात्र पुष्कळदां न्यायालयाच्या व्हरांड्यांत, वकील चहास गेले असतांना होतो, आणि पडद्याला व्हरांडा नसतो.

उच्च न्यायालयाचें पीठ कोल्हापुरास असावें ही मागणी चार दशकांहून अधिक काळ चालली. मध्यंतरीं पडद्यावरील सुनावणी रूढ झाली. तरी ती मागणी निवाली नाहीं, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गासह सहा जिल्ह्यांसाठीं कोल्हापूरच्या फिरत्या पीठाचें काम सुरू झालें. घाट चढून वकिलापुढें कागद पसरून बसण्यांत पक्षकारास जो धीर वाटतो, तो त्याला फोनवर वाटत नसावा.

व्यवहारांतली गोष्ट थोडी निराळी. २०१३ च्या कंपनी कायद्यानें संचालकांच्या सभा पडद्यावर घेण्यास मुभा दिली, परंतु २०१४ च्या नियमांनीं वार्षिक हिशेबास मंजुरी, कंपन्यांचें एकत्रीकरण अशीं कांहीं कामें समक्ष सभेसाठींच राखून ठेविलीं होतीं. २०२० च्या संकटांत ती अट सैल झाली व २०२१ च्या जूनमध्यें काढूनच टाकली. झालें तें ठीकच झालें. हिशेब हे कागदावरच तपासावयाचे असतात. परंतु आमच्या ओळखीच्या एका काजूव्यापाऱ्याची रीत सांगण्याजोगी आहे. नव्या माणसाशीं पहिला सौदा ते पोत्यांत हात घालून, समोरासमोर करतात. पुढें दहा वर्षें फोनवर. लग्नकार्यांतही आम्हांस हीच रीत पसंत आहे. पहिली ओळख दूरभेटीनें व्हावी. त्यांत प्रवासखर्च वांचतो, आणि मुलीस पोह्यांच्या बशा घेऊन दहा ठिकाणच्या मंडळींपुढें येण्याचा छळही चुकतो. परंतु होकार मात्र एकमेकांच्या घरीं दोन दिवस उठबस झाल्यावांचून कोणीं देऊं नये.

पडद्यांतून गळतें तें काय? आपण समोरच्याच्या डोळ्यांत पाहतों तेव्हां कॅमेऱ्यांत पाहत नसतों, म्हणून त्यास आपली नजर झुकलेली दिसते. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या, दहा भाषांच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, प्रश्न संपून उत्तर सुरू होण्यांत सरासरी सेकंदाच्या पांचव्या हिश्शाइतकेंच अंतर असतें. यंत्रानें त्यांत थोडा विलंब घातला कीं दोघे एकदम बोलूं लागतात, आणि जो मवाळ तो गप्प बसतो. २०२२ सालीं 'नेचर' नियतकालिकांत आलेल्या एका संशोधनांत, पडद्यावर भेटलेल्या जोड्यांस नव्या कल्पना कमी सुचल्या. सुचलेल्यांतून एक निवडण्यांत मात्र त्या मागें पडल्या नाहींत. आमच्या स्नेह्यांच्या घरीं नेमकें हेंच झालें होतें. विकावें वा राखावें एवढ्या दोनच गोष्टी पडद्यावर आल्या, आणि त्यांतली एक चटकन् निवडली गेली.

सह्यांपाशीं गाडें अडलें. दस्त नोंदविण्यास १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें देणारानें स्वतः वा अधिकृत मुखत्यारामार्फत दुय्यम निबंधकापुढें आलें पाहिजे. (जो आजारानें वा अशक्तपणामुळें येऊं शकत नाहीं त्याच्या घरीं अधिकाऱ्यानें जावें, अशीही सोय त्या जुन्या कायद्यांत आहे.) कन्येला मुखत्यारपत्र पाठवितां आलें असतें; परंतु रजा शिल्लक होती, म्हणून ती स्वतःच आली, व ती येते म्हणून पुण्या-ठाण्याचे भाऊही आले.

समक्ष भेटीनें सारें गोड झालें असें मात्र कोणीं समजूं नये. दुसऱ्याच दिवशीं दोघां भावांत असा खटका उडाला कीं एक जण न जेवतां पडवीवर जाऊन निजला. पडद्यावर कळ दाबून निघून गेला असता. येथें सकाळीं त्याच भावाच्या हातचा चहा घ्यावा लागला. तिसऱ्या दिवशीं दुपारीं मायलेकी माजघरांत फणसाच्या आठळ्या सोलीत बसल्या होत्या. कन्या सहज म्हणाली, "आई, पुण्यास तुला करमेल ना गो?" मातोश्री खालीं पाहूनच म्हणाल्या, "मला कुठेंही करमेल. पण सात वर्षें सुनेनें माझें केलें, आणि घर विकल्यावर ती दोघें जाणार कुठें, हें तुमच्यांतल्या एकानेंही विचारलें नाहीं." मग त्या दिवशीं "बरें" कां म्हणालीस, असें विचारतां त्यांनीं सांगितलें कीं, सगळीं एकदम बोलत होतीं, निम्में ऐकूं आलें नाहीं, आणि फोन धरून धरून नातीचा हात दुखत होता.

थोरले चिरंजीव दूरभेटींत कांहींच बोलले नव्हते. आपल्या राहत्या घराविषयीं आपणच कसें बोलावें, हा त्यांचा संकोच. पडद्यावर त्याचा अर्थ संमति असा झाला. पडवींत त्यांचा चेहरा तीन दिवस सर्वांसमोर होता. चौथ्या दिवशीं घराचा विषय पुन्हा निघाला. घर थोरल्यांकडे राहावें, कलमांचें उत्पन्न चौघांत वांटावें, कौलांचा खर्च धाकट्यांनीं उचलावा, असें ठरलें. कन्येनें आपला हक्क सोडल्याचा दस्त जाण्यापूर्वीं समक्ष नोंदवून दिला. गिऱ्हाइकास नकार कळविण्याचें अवघड काम पुण्याच्या भावानें केलें, आणि तें फोनवर केलें; त्यास समक्ष जाण्याची गरज कोणासही वाटली नाहीं.

कन्या परत गेली. आतां दर रविवारीं सकाळीं पडवींतल्या खुर्चीवर तांब्यास टेकवून फोन ठेवतात, तोंड खळ्याकडे करून. तिकडे न्यू जर्सींत शनिवारची रात्र असते. मातोश्री तुळशीला पाणी घालतात, शेजारीण आली तर तिच्याशीं गजाली करतात, आणि मध्येंच आठवण झाली म्हणजे फोनकडे वळून "आहेस ना गो?" म्हणून विचारतात.