वायफाय आहे, नेट नाही

खेड्यात जे नाही, त्याचं कौतुक करण्याची शहरी माणसाला फार जुनी हौस आहे. वीज नव्हती तेव्हा तो कंदिलाच्या उजेडावर लुब्ध होता. नळ नव्हता तेव्हा विहिरीच्या पाण्याच्या चवीला तोड नाही, असं तो सांगायचा. (पोहरा ओढायला अर्थात दुसरा कोणीतरी असायचा.) रस्ता नव्हता तेव्हा त्यानं बैलगाडीत बसून फोटो काढून घेतले. पुढे वीज आली, नळ आला, रस्ताही पावसाळा सोडून आला. आता कौतुक कशाचं करावं, या विवंचनेत हा गृहस्थ असतानाच त्याला नवी वस्तू सापडली. खेड्यात नेट नाही!

‘काय सांगू, दोन दिवस मोबाइलला रेंज नव्हती. स्वर्ग हो, स्वर्ग!’ असं सांगणारा एक तरी ग्राहक दर सोमवारी माझ्या काउंटरवर उभा राहतो. त्याचं लगेचचं दुसरं वाक्य असतं, ‘सर्व्हर डाउन आहे म्हणजे काय? तुम्ही लोक पगार कसला घेता?’ म्हणजे हिंगोली जिल्ह्यात नेट बंद असलं की स्वर्ग, आणि आमच्या शाखेत दहा मिनिटं बंद पडलं की नरक.

या स्वर्गाला आता ‘डिजिटल डिटॉक्स’ असं नाव मिळालं आहे, आणि नाव मिळालं की वस्तूला भाव येतो. ‘आमच्याकडे नेटवर्क नाही’ हे वाक्य पूर्वी लॉजवाला मान खाली घालून सांगत असे. आता ते जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलं जातं, आणि त्याबद्दल खोलीमागे जास्त पैसे आकारले जातात. एखादी गोष्ट नसल्याबद्दल पैसे घेण्याची कला मुळात आम्हा बँकवाल्यांची. खात्यात किमान शिल्लक नसली की आम्ही दंड कापत आलो. आता काही सरकारी बँकांनी बचत खात्यावरचा तो दंड सोडून दिला. पण विद्या वाया जात नाही. ती रिसॉर्टवाल्यांनी उचलली.

माझं या मंडळींशी भांडण आहे, आणि ते एका शब्दाचं आहे. घरात शेगडीवर आमटी उकळते आहे, फळीवर लाडवांचा डबा आहे आणि तरी आपण जेवत नाही, याला उपवास म्हणतात. घरात दाणा नाही म्हणून जेवत नाही, त्याला उपासमार म्हणतात. पोट दोन्हीकडे रिकामंच. पण पहिल्यात पुण्य आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढं आमच्या आजीलाही कळत होतं, आणि तिची तर शाळाही झाली नव्हती.

नेटचा उपवास कसा करावा, हे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं दाखवून दिलं. २०२२ साली तिथं ठराव झाला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. (हे दुसरं जास्त अवघड.) या गावापुढे मी हात जोडतो. पण लक्षात घ्या, भोंगा गावचा होता, ठराव गावचा होता आणि साडेआठला मोबाइल पुन्हा चालू होत होता. मोबाइल कंपनीचा टॉवर बंद पडून ही शांतता आली असती, तर गावानं तिचा सत्कार केला नसता, कंपनीवर मोर्चा नेला असता.

आता हिंगोलीकडे येऊ. हा जिल्हा म्हणजे माझी सासुरवाडी, त्यामुळे त्याच्याविषयी वाईट बोलण्याची मला सोय नाही. तशी गरजही नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा लहान आहे, पण पाहुण्यांना काही कमी नाही. औंढ्याला नागनाथाचं ज्योतिर्लिंग आहे, नर्सीला संत नामदेवांचं जन्मस्थान आहे, सिद्धेश्वरचं धरण आहे, वसमतकडे गेलात तर हळदीचे ढीग आहेत. श्रावणात आणि महाशिवरात्रीला औंढ्यात पाय ठेवायला जागा नसते. ही माणसं भक्तनिवासात उतरतात, लॉजमध्ये उतरतात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. तेव्हापासून कुणी शेतात चार खोल्या बांधून, दारात बाज टाकून ‘हुरडा, झुणका-भाकर, फ्री वायफाय’ अशी पाटी लावू लागलं.

मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात घर पाहुण्यांनी भरलं होतं, तेव्हा जावयाची व्यवस्था अशाच एका केंद्रात झाली. भाकरी उत्तम, बाज उत्तम, मॅनेजर तर लाख माणूस. खोलीच्या भिंतीवर हिरवे दिवे लुकलुकणारी पेटीही होती. मोबाइलवर वायफायची खूण पूर्ण भरलेली आणि तरी काही उघडेना. मी मॅनेजरला विचारलं.

‘वायफाय हाये ना साहेब,’ तो म्हणाला. ‘नेट नाही.’

हसू नका. गेल्या दहा वर्षांत या विषयावर इतकं शास्त्रशुद्ध वाक्य मी ऐकलेलं नाही. वायफाय म्हणजे पेटीपासून तुमच्या हातातल्या मोबाइलपर्यंतचा दोन भिंतींचा प्रवास. पेटीच्या मागून जी लाइन यायला हवी, ती वेगळी. घरात नळाच्या तोट्या चकचकीत आहेत आणि टाकीत पाणी नाही, असा हा प्रकार. पुष्कळ ठिकाणी त्या पेटीत एक साधं सिम असतं. दिवसाचा एक-दोन जीबीचा कोटा सकाळी नऊच्या आत पाहुण्यांची पोरं व्हिडिओ बघून संपवतात. मग वेग इतका खाली येतो की एका फोटोला उघडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तो माणूस प्रत्यक्ष येऊन भेटून जाईल. त्यातून टॉवर चार-पाच किलोमीटरवर, छप्पर पत्र्याचं आणि पत्र्याचं लहरींशी वैर. लोडशेडिंगमध्ये टॉवरची बॅटरी दमते. यात्रेच्या दिवशी तर एका टॉवरवर हजारो मोबाइल लोंबकळतात, यष्टीच्या टपावर लोंबकळावं तसे.

‘मग रेंज कुठं येते?’

‘पाण्याच्या टाकीवर चढा साहेब. दोन काड्या येतात.’

टाकीवर चढलो तर तिथं आधीच रांग होती. बँकेत आहे असं वाटून मला क्षणभर घरच्यासारखं वाटलं. सर्वांत पुढे मॅनेजरची बारावीतली मुलगी. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात मार्कलिस्टची घडी. प्रवेश परीक्षेच्या फॉर्मचा तो शेवटचा दिवस. नाव भरलं, फोटो चढला, सही चढली, आणि आता ओटीपी यायचा होता. ओटीपी या जातीचं आयुष्य मला धंद्यामुळे ठाऊक आहे, काही मिनिटांचं. तो आला, पण मेल्यावर आला. तिनं पुन्हा मागवला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला फॉर्मच पहिल्या पानावर गेला. पोरगी रडली नाही. तिनं मार्कलिस्टची घडी आणखी बारीक केली, एवढंच.

खाली अंगणात पुण्याचं एक कुटुंब बाजेवर बसलं होतं. गृहस्थ डोळे मिटून म्हणत होते, ‘किती शांत आहे हो इथं! हे असंच राहायला हवं.’

माझा सगळा राग या वाक्यावर आहे. हे असंच राहायला हवं म्हणजे कुणासाठी? हे गृहस्थ रविवारी दुपारी निघणार होते. त्यांच्या मुलांचे फॉर्म पुण्यात घरबसल्या भरले जाणार होते. मॅनेजर मात्र पाहुण्यांचा चहा बायकोवर सोपवून, पोरीला मोटारसायकलवर मागं बसवून, तालुक्याच्या गावाला अठरा किलोमीटर गेला. फॉर्म भरला गेला. पण पाहुण्यांच्या दोन दिवसांच्या मनःशांतीसाठी त्या घरानं वर्षभर टाकीवर का चढावं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

नियती मात्र न्यायी असते. रविवारी बिल आलं, गृहस्थांनी झोकात मोबाइल काढला आणि गोल फिरू लागला. पाच मिनिटं फिरला. रोख रक्कम त्यांनी बाळगली नव्हती, कारण शहरात कोण बाळगतं? शांततेविषयी ते पुढे काही बोलले नाहीत. शेवटी मॅनेजरच म्हणाला, ‘घरी जाऊन पाठवा सर, काही हरकत नाही.’ विनातारण, विनाजामीन कर्ज, आणि तेही तोंडी! आमच्या बँकेत याला एक अर्ज आणि तीन सह्या लागल्या असत्या.

आता आक्षेप. ‘मोबाइलनं पोरं बिघडतात.’ बिघडतात की. पण केरळमधल्या एका वसतिगृहानं मुलींना संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल वापरायला बंदी केली, तेव्हा एक विद्यार्थिनी थेट उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. मुक्कामाच्या जागी नेट असणं ही चैन नव्हे, असं माझ्यासारख्या बी.कॉम.नं सांगितलं तर तुम्ही हसाल, म्हणून न्यायाधीशांना पुढे केलं.

दुसरा आक्षेप, ‘अहो, तुम्ही तिथं देवदर्शनाला जाता की मोबाइल बघायला?’ देवदर्शनालाच. पण नातवाला घेऊन औंढ्याला आलेल्या आजीला रात्री दोन वाजता दम लागला तर गाडी बोलवायची कशी, हे आक्षेप घेणाऱ्यानं सांगावं. भक्तनिवासाच्या टाकीवर आजी चढणार नाही.

तिसरा आक्षेप सरकारी आहे, ‘काम चालू आहे.’ हे मात्र खरं. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. २०१५ साली तिचं भारतनेट असं बारसं झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना मंजूर झाली. योजनेबरोबर जन्मलेलं मूल आता दहावीच्या उंबरठ्यावर आहे. शिवाय पंचायतीच्या कपाटाशेजारी पेटी बसली म्हणजे गावाबाहेरच्या खोलीत नेट आलं असं नव्हे. तारेचा तो शेवटचा तुकडा कुणी टाकायचा, यावर सगळे एकमेकांकडे बघतात, पंगतीत वाढपी कमी पडल्यावर बघतात तसे.

गंमत अशी की याच औंढा तालुक्यात, दुधाळा गावाजवळ, ‘लायगो इंडिया’ नावाचं प्रचंड यंत्र उभं राहतं आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन बाहू, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. अवकाशात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी ते टिपणार. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली, ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दुरून आली होती. या यंत्राला जमीन निवांत लागते, पायाखाली हादरे चालत नाहीत, म्हणून तर असा भाग निवडला. मला याचा मनापासून अभिमान आहे. सासुरवाडीचं नाव जगात होणार. फक्त एवढंच वाटतं, की १३० कोटी प्रकाशवर्षांवरचा निरोप जिथं पोचणार, तिथं तालुक्याच्या गावाहून निघालेला ओटीपी वेळेत पोचावा.

औंढ्याची एक कथा सगळ्यांना माहीत आहे. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी देवळामागे जायला लावलं, तेव्हा देऊळच फिरलं आणि देवानं भक्ताकडे तोंड केलं. नामदेवांची पुण्याई मोठी. आमची तेवढी नाही, त्यामुळे टॉवर आपण होऊन वळेल, अशी आशा मी करत नाही. त्याला अर्ज द्यावा लागेल. तो मी इथंच देतो.

पहिली मागणी खर्डेघाशाला शोभेल अशी आहे. पाटीवर खरं लिहा. ‘गरम पाणी सकाळी ६ ते ८’ लिहिता, तसं ‘अमुक कंपनीची रेंज अंगणात येते, खोलीत येत नाही, वायफाय इतक्या खोल्यांत, संध्याकाळी हळू’ असं लिहा. गरम पाणी नाही म्हणून कोणी परत जात नाही, आहे असं सांगून नसलं की भांडण होतं. दुसरी, कृषी पर्यटनाला परवानगी आणि प्रोत्साहन देणाऱ्यांनी रस्ता, वीज, पाणी यांच्या ओळीत लाइनही धरावी, आणि ती पाहुण्यांच्या खोलीइतकीच मॅनेजरच्या घरात जावी. तिसरी मागणी पाहुण्यांकडे. ज्यांना शांतता हवी, त्यांच्या मोबाइलला बाजूला एक बटण असतं. ते दाबून धरलं की पडदा काळा होतो. एकही टॉवर पाडावा लागत नाही आणि खर्च शून्य रुपये शून्य पैसे.

मीही ते बटण दाबतो, आणि बाजेवर आडवा होऊन चांदण्या मोजतो. उपवास मला मान्य आहे. फक्त एकादशी कधी धरायची, हे टॉवरनं ठरवू नये.