‘न्यायप्रविष्ट’ ही कुणाची सोय आहे?

पुढाऱ्यांची हल्ली एक तक्रार फार ऐकू येते. ‘जो तो उठतो आणि कोर्टात जातो, त्यामुळे कामं अडतात.’ ठीक आहे, बोलूच एकदा यावर.

पालिका निवडणुकांचंच घ्या. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं राज्यघटना स्पष्ट सांगते. प्रत्यक्षात मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. राज्यातल्या नगरपालिकांचं मतदान डिसेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात प्रशासक. गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे? नगरसेवक ‘माजी’ आणि साहेब मीटिंगमध्ये.

विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.’

अहो, पण ते कोर्टात गेलंच कशामुळे? स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर आधी मागासलेपणाची नीट माहिती गोळा करा, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१० मध्येच सांगितलं होतं. पुढच्या अकरा वर्षांत आघाडी आली, युती आली, महाविकास आघाडी आली. काम कुणीच केलं नाही. मार्च २०२१ मध्ये निकाल अंगावर आल्यावर सगळ्यांना ओबीसींचा कळवळा आला. मग प्रभागरचनेचा घोळ. एका सरकारने बदलली, दुसऱ्याने फिरवली, तेही कोर्टात. तारखांवर तारखा पडल्या, यात कोर्टाचाही दोष आहेच. शेवटी मे २०२५ मध्ये कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं. ती मुदतही वाढवून घेतली!

म्हणजे कोर्टात दोन प्रकारचे लोक जातात. एक, ज्यांच्यासाठी बाकी सगळी दारं बंद झालीत. दुसरे, ज्यांच्या हातात दाराची किल्ली आहे, पण उघडायची हिंमत नाही. आरक्षण असो की प्रभाग, निर्णय घेतला तर कुणीतरी नाराज होणार. त्यापेक्षा कोर्टावर ढकललेलं बरं. मतंही जात नाहीत.

पहिल्या प्रकारच्यांना नावं ठेवू नका. साध्या माणसाचं निवेदन आवक-बारनिशीत धूळ खात पडतं. कोर्टाची नोटीस आली की त्याच सरकारला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती. पीयूसीएल ही संघटना सुप्रीम कोर्टात गेली. त्याच वर्षी सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश झाला. आज आपल्या पोरांच्या ताटात पडणाऱ्या खिचडीमागे तो आदेशही आहे. पण नुसत्या आदेशाने चूल पेटली नाही. कार्यकर्ते वर्षानुवर्षं गावोगाव हिशेब मागत फिरले. पोलीस सुधारणांचा २००६ चा निकाल बघा, मागे लोक नव्हते, म्हणून बराचसा कागदावरच राहिला.

तेव्हा कोर्टात जाणाऱ्याला बोल लावण्याआधी आपल्या आमदाराला विचारा: ‘साहेब, हे विधानसभेत का नाही सुटलं?’ नगरसेवक आता निवडून आलेत, त्यांनाही विचारा. ‘न्यायप्रविष्ट’ म्हणाले, तर पुढचा प्रश्न तयार ठेवा: ‘कोर्टात जायच्या आधी तुम्ही काय केलंत?’