जबाबदारी कुणाची?
‘सावध राहा’ हा सल्ला जऊळका गावात मोबाइलवर सोयाबीनचा भाव पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या कामाचा नाही. संकेतस्थळाचा पत्ता खरा, कुलपाचे चिन्ह खरे, तरी पान बिघडलेले असू शकते. २०२४ मध्ये नेक्स्ट.जेएस या वेब-फ्रेमवर्कमध्ये सापडलेल्या दोषामुळे, मुद्दाम घडवलेल्या एका विनंतीने, साठवू नये असे उत्तर कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठवले जाऊ शकत होते आणि पुढे ते पान उघडणाऱ्यांनाही तेच मिळू शकत होते. मग कॅशच बंद करावी? तसे केले तर सर्व्हरवरचा भार वाढून पान सर्वांसाठीच रेंगाळेल. नेक्स्ट.जेएसच्या १४.२.१० या आवृत्तीत दुरुस्ती आली, हे खरे. पण ती बसवणे आणि दूषित साठा पुसणे संकेतस्थळ चालवणाऱ्याच्याच हाती असते. म्हणून जाबही त्यालाच विचारायला हवा.