दाखला देऊन सुटका कोणाची?

शाळेत एखाद्या मुलाच्या दप्तरात नको ते सापडले की पुढे काय घडते, हे शिक्षणक्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. मुख्याध्यापक पालकांना बोलावून घेतात, दार लावले जाते, आवाज खाली येतात आणि अर्ध्या तासात तोडगा निघतो. पालकांनी स्वतःहून अर्ज करायचा, शाळेने दाखला द्यायचा आणि कारणाच्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहायचे. ही शब्दयोजना उगाच आलेली नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या सोळाव्या कलमान्वये आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून काढायचे नाही, जायला लावायचे! शाळेचा नावलौकिक अबाधित राहतो, पालकांची चारचौघांतली लाज राहते. मुलगा मात्र भर दुपारी मोकळा होतो आणि ज्या कोपऱ्यावर त्याला पहिली पुडी मिळाली, तोच कोपरा त्याची शाळा बनतो.

अमली पदार्थांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते छाप्यांच्या भाषेत. किती किलो मेफेड्रोन जप्त झाले, कोणत्या औद्योगिक वसाहतीत कारखाना सापडला, कोणाचे धागेदोरे कोठवर पोहोचले, यांच्या बातम्या चवीने वाचल्या जातात. पोलिसांनी ते काम करावयासच हवे. परंतु पुरवठ्याची एक साखळी तुटली की दुसरी उभी राहते, कारण मागणी शाबूत असते. आणि मागणी जन्माला येते ती आपल्या घरात, आपल्या आळीत, आपल्या शाळेच्या भिंतीला लागून. तेथे पोलीस कितीसे पुरणार?

ती किती लहान वयात जन्माला येते, हे समजून घेतले पाहिजे. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १३ ते १५ वर्षे वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्याहून गंभीर बाब अशी की, ज्यांनी गुटखा, खर्रा, मशेरी असा धूर नसलेला तंबाखू कधीतरी चाखला होता, त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांची सुरुवात दहावा वाढदिवस उलटण्यापूर्वीच झाली होती. म्हणजे चौथीच्या आसपास. आणि आम्ही नववी-दहावीच्या मुलांना सभागृहात बसवून भीतीदायक चित्रफिती दाखवतो, शपथ देतो, छायाचित्र काढतो आणि जनजागृती झाली असे समजतो. १४ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर निकाल देताना सहा महिन्यांत राष्ट्रीय सर्वेक्षण करण्याचा आदेश दिला होता. ‘एम्स’च्या तज्ज्ञांनी केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. हुंगून नशा देणारी द्रव्ये, म्हणजे पंक्चरचे सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर यांसारख्या वस्तू, यांचे सेवन प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आहे, असे त्यात नोंदले गेले. ही द्रव्ये विकणारा कोणी आंतरराष्ट्रीय तस्कर नसतो. तो आपल्या ओळखीचा दुकानदार असतो.

कायदे नाहीत असे नाही. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. दंड दोनशे रुपयांपर्यंत. ही रक्कम टपरीवाला सकाळच्या गल्ल्यातून भरू शकतो. मात्र २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाने अल्पवयीन मुलास तंबाखू, मद्य वा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. किती मुख्याध्यापकांनी या कलमाचा आधार घेऊन तक्रार नोंदवली असेल? बहुतेकांना ते माहीत नाही आणि ज्यांना आहे, त्यांना शाळेचे नाव पोलीस ठाण्याच्या डायरीत नको असते. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. पुडी कोठे मिळते, हे पाचवीतला मुलगाही सांगेल.

या सर्व दुखण्याचे मूळ लपवाछपवीत आहे. व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. गर्दने पुण्या-मुंबईतील घरे पोखरली, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ उभे राहिले. कायद्यालाही हे उमगले आहे. अल्प प्रमाणातील पदार्थाशी वा सेवनाशी संबंधित गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार घेण्यास राजी झाला, तर अमली पदार्थविरोधी कायद्याचे ६४-अ हे कलम त्याला खटल्यापासून संरक्षण देते. जी उदारता कायद्यापाशी आहे, ती शाळेपाशी आणि शेजाऱ्यांपाशी असू नये?

आइसलँड या चिमुकल्या देशाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९९८ मध्ये तेथील १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागील महिनाभरात दारूची धुंदी अनुभवली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी मुलांना भीती घातली नाही. मुलांची नियमित सर्वेक्षणे केली, निष्कर्ष त्या त्या शाळेच्या व वस्तीच्या हाती ठेवले, मुले रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहतील याविषयी पालकांनी आपापसांत लेखी करार केले आणि खेळ-संगीताच्या वर्गांसाठी सरकारी पैसा ओतला. हे आपणास परके वाटण्याचे कारण नाही. आळीतील कोणताही वडीलधारा कोणाच्याही मुलाला कान धरून घरी आणी, ती व्यवस्था आपलीच होती. तालमी होत्या, वाचनालये होती, संध्याकाळी मैदाने भरलेली होती. मैदानांवर इमारती आल्या आणि शेजारच्या मुलाला काही विचारणे हा आगाऊपणा ठरू लागला.

गणेशोत्सव मंडळे आजही प्रत्येक वस्तीत आहेत. वर्षाचे दहा दिवस दिसणारे त्यांचे मनुष्यबळ उरलेले दिवस कोठे असते? अर्थात, विसर्जन मिरवणुकीत स्वतःच झिंगून नाचणाऱ्यांनी व्यसनमुक्तीचा फलक लावला की मुले हसतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. ज्या मंडळांनी आपली मिरवणूक स्वच्छ ठेवली आहे, त्यांनी शाळा सुटल्यानंतरचे दोन तास आणि एक मैदान आपल्याकडे घ्यावे.

शासकीय व अनुदानित शाळांतील व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पोषण आहार आणि गणवेश यांपलीकडे तिच्या बैठकीत हा विषय निघाला पाहिजे. नव्या वर्षाच्या पहिल्याच सभेत शाळेने पालकांना उघड सांगावे की, असा मुलगा आढळल्यास त्याला दाखला दिला जाणार नाही. त्याला उपचारांस नेले जाईल, कोण नेईल त्या शिक्षकाचे नाव हे, आणि परत आल्यावर त्याचा बाक त्याचाच राहील. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक सूचनाफलकावर लिहिण्यासाठी तर कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.