भिंत तुम्ही बांधाल, जागा कुणाची?

श्रमदान या शब्दाची मला चीड आहे. दान तो करतो ज्याच्याकडं शिल्लक असतं. माझ्या पणज्यानं गावाची वेस राखली, मेलेलं ढोर ओढलं, वाड्यावर लाकडं फोडली. त्याला कुणी श्रमदान म्हटलं नाही. ती वेठ होती. माझी मामी कोयता घेऊन कारखान्यावर जाते, ती उचल फेडते. मी गोदीत ओझं उचलतो, तो रोज. आणि कॉलेजातलं पोरगं सात दिवस घमेलं उचलतं, ते मात्र दान! घमेलं तेच, माती तीच. नाव तेवढं उचलणाऱ्याचा बाप बघून पडतं.

तरी मी हे पोरांच्या विरोधात लिहीत नाही. त्यांच्यात आपलीही पोरं आहेत, हा अंक वाचणारी. म्हणून तर लिहितोय.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, गांधींच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानं. ‘मी नव्हे, तुम्ही’ हे तिचं ब्रीद. वर्षाला १२० तास सेवा, खेड्यात सात दिवसांचं निवासी शिबिर. चांगलं आहे. माझा प्रश्न एवढाच की त्या ‘तुम्ही’त कोण येतं? गाव म्हणजे कोण? देवळाच्या पारावर बसतात ते, की वेशीबाहेर राहतात ते?

२०२५ ला हा सेवेचा दिवस आला तेव्हा बीड जिल्हा पाण्यात होता. जो जिल्हा टँकरची वाट बघत उन्हाळे काढतो, दुष्काळ म्हटला की ज्याचं नाव आधी निघतं, तोच बुडाला. सिंदफणा फुगली, बिंदुसरा फुगली, तिकडं आष्टीकडं सीना फुगली. महिना सरता सरता पैठणच्या जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि गोदाकाठच्या गावांची झोप गेली. पिकं गेली, ढोरं गेली, माती सुद्धा वाहून गेली.

लगेच पेपरवाले, पुढारी, बुवा सगळे बोलायला लागले : पुराला जात नसते. निसर्गापुढं सगळे सारखे.

खोटं आहे. पाण्याला जात नसेल, पण पाणी जिथं आधी शिरतं त्या जागेला जात आहे. आपली वस्ती गावाच्या खालच्या अंगाला का? सांडपाणी जिकडं वाहतं तिकडं का? पांढरीवर गाव आणि वढ्याच्या कडेला, गायरानाच्या खडकावर आपण, ही आखणी कुणी केली? नदीनं नाही केली. गावानं हजार वर्षं ज्याला खाली ठेवलं, त्याच्याच दारात पाणी पहिलं येतं. यात नवल कसलं?

माझं आजोळ गेवराई तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही, वस्तीला उद्याही तिथंच नांदायचंय. दिवाळीच्या सुट्टीत तिथं शहरातल्या एका कॉलेजची पोरं-पोरी आली. मीही पाळ्या बुडवून गेलो होतो. पोरं मनानं साफ. सिमेंट आणलं, पत्रे आणले, दहा घरं उभी करायचा बेत. हाताला फोड आले तरी घमेलं सोडलं नाही. ओझं उचलणं हा माझा धंदा आहे, कोण उचलतंय आणि कोण उचलल्यासारखं करतंय ते मला लांबून कळतं. ही पोरं खरंच उचलत होती.

पण उचलत होती कुणासाठी? ग्रामपंचायतीनं त्यांच्या हातात दहा नावांची यादी ठेवली होती. दहाच्या दहा गावातली. गायरानावरच्या आपल्या झोपड्यांतलं एकही नाव नाही. पोरांनी विचारलं तेव्हा उत्तर आलं, नमुना आठला नोंद नाही, ते अतिक्रमण आहे, तिथं बांधलं तर तुम्हीच अडचणीत याल. पोरं गप्प बसली. पाहुण्यानं यजमानाशी भांडू नये असं त्यांना शिकवलेलं.

ही एका सरपंचाची बदमाशी समजू नका. तो फक्त कागद वाचत होता. आपत्ती निधीचे निकष काढून बघा. सपाट भागातलं पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. झोपडी गेली तर ८ हजार. आणि त्यात अट, की पडलेलं घर अधिकृत बांधकाम असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला पाहिजे. म्हणजे आधी तुम्ही आम्हाला जागा देणार नाही, मग बिनजागेचं आमचं घर अनधिकृत ठरवणार आणि ते वाहून गेलं की म्हणणार, गेलंच काय तुमचं? जे नव्हतंच ते पडेल कसं?

७ ऑक्टोबर २०२५ ला सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहू पिकाला हेक्टरी १८ हजार ५००, तीन हेक्टरांपर्यंत. शेतकऱ्याला मिळायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण ज्याच्याकडं हेक्टरच नाही, त्याचं नुकसान कशात मोजणार? त्याच शेतात कापूस वेचून ज्या बाईची चूल पेटते तिचा बुडालेला हंगाम कुठल्या रकान्यात लिहिणार?

हे आजचं नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरं जळाली ती आपली. तेव्हाही विद्यार्थी रस्त्यावर होते, नामांतराच्या विरोधात. पुढं १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, विद्यापीठाच्या कमानीवर नाव लागलं. ज्यांची घरं जळाली ती माणसं मात्र त्याच गायरानात, त्याच वढ्याच्या कडेला राहिली. नावाची लढाई सोळा वर्षं चालली. जागेची अजून चालू आहे.

मधेच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारी-सास्तूरचा भूकंप. आठ हजारांच्या आसपास माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि धाब्यांखाली गेली. तेव्हाही विद्यार्थी आले, देशभरातून आले, प्रेतं काढली, दगड उपसले. त्यांना माझा सलाम. मग जागतिक बँकेच्या कर्जातून बावन्न गावं नव्या जागी वसवली. सगळं सपाट झालं होतं. नवा कागद, नवी आखणी. समतेचं गाव बांधायची यापेक्षा मोठी संधी या देशात कधी आली असेल? आणि घरं कशी दिली? ज्याला जमीन नाही किंवा नावापुरती आहे त्याला २५० चौरस फूट. मधल्याला ४००. बड्या जमीनवाल्याला ७५०. भूकंपानं वाडा आणि झोपडी एका पातळीला आणली होती. सरकारनं फूटपट्टी घेऊन पुन्हा वाडा वाडा केला आणि झोपडी झोपडी.

म्हणून म्हणतो, पुनर्वसन या शब्दातला ‘पुन्हा’ नीट वाचा. पुन्हा वसवणं म्हणजे जसं होतं तसं वसवणं. वर गाव, खाली वस्ती. तुम्ही विटा कितीही मायेनं रचा, आखणी जुनी असेल तर तुम्ही गावकूसच बांधताय.

यावर शिबिराचे एक मास्तर मला म्हणाले, राजकारण आणू नका, आधी माणसाच्या डोक्यावर छप्पर येऊ द्या, कागद नंतर बघू. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्या अनुभवात नंतर म्हणजे कधीच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं काढायचा आदेश दिला आणि महाराष्ट्रभर घरांना नोटिसा चिकटल्या. ज्याच्याकडं कागद नव्हता त्याचं पक्कं घरही एका दुपारचं होतं. वस्तीतली एक म्हातारी त्या पोरांना बोलली ते या सगळ्या शहाणपणापेक्षा सरळ होतं : “बाबा, भित तू बांधशील. पाडाया आले तर म्या त्यान्ला काय दावू, तुजा फोटू?”

कुणी हसलं नाही.

त्यातली एक पोरगी मात्र दुसऱ्या दिवशी घमेलं ठेवून वही घेऊन वस्तीत आली. घरोघर बसली. रेशनकार्ड कधीचं, मतदार यादीत नाव कधीपासून, लाईटबिल आहे का, पोराच्या शाळेच्या दाखल्यावर पत्ता काय, अतिक्रमणाचा दंड भरल्याची पावती कुठं ठेवलीय. दंडाची पावती हा सुद्धा पुरावा असतो, सरकारनंच लिहून दिलेला, की हा माणूस त्या साली इथं होता! चिखलात भिजलेले कागद तिनं पत्र्यावर वाळवले, फोटो काढले, प्रत्येक घराची फाईल केली. तहसीलला अर्ज दिले आणि पोच घेतली. बाकीच्यांनी दहा घरं बांधली. तिनं एकही नाही. पण त्या सात दिवसांत आपल्या वस्तीसाठी सर्वांत जास्त काम कुणी केलं, ते तुम्हीच ठरवा.

हे काम नवं नाही. दादासाहेब गायकवाडांनी ६ डिसेंबर १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला, लाखो माणसांनी तुरुंग भरले. त्या रेट्याशिवाय गायरान हा शब्द सरकारच्या कागदावर आपल्या बाजूनं आला नसता. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीनांनी कसायला घेतलेली गायरानं त्यांच्या नावावर करायला सांगतो. राहत्या घरांसाठी २०१८ चा निर्णय आहे, १ जानेवारी २०११ च्या आधीच्या अतिक्रमणांसाठी. याच बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियान उभं करून गायरानाची लढाई गावोगाव नेली. कायदा अर्धामुर्धा का होईना, आहे. तो वस्तीपर्यंत चालत येत नाही, त्याला आणावं लागतं. त्यासाठी शिकलेला माणूस लागतो. मी दहावी झालोय, अर्ज लिहितो. तुम्ही तर कॉलेजात आहात.

तेव्हा दोस्तांनो, शिबिराला जरूर जा. पण काही गोष्टी धरून जा. पंचायतीच्या यादीवर काम सुरू करू नका, आधी वस्तीत जा, तिथं बसा, तिथं जेवा. पंचनामा कुणाचा झाला नाही ते विचारा. आणि लवकर जा. नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की अर्धी वस्ती कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या फडात जाते. मग पंचनामेवाला येतो, दाराला कुलूप बघतो आणि लिहितो, घरात कुणी राहत नाही. ऊसतोड करणाऱ्याचं घर सहा महिने बंद असतं म्हणून ते घर नसतं का? मुंबईच्या साहेबाचा बंगला तर बारा महिने बंद असतो!

वस्तीच्या नावावर जागा होत नसेल तर विटा तहसीलच्या दारात उतरवा. पस्तीस पोरं विटांच्या ढिगावर बसून राहिली तर तहसीलदाराला बाहेर यावं लागतं. सात दिवस तिथं बसलात तरी ती सेवाच आहे. सर्टिफिकेटवर तास नाही धरले तर नाही धरले.

बाबासाहेबांनी आपल्याला दया मागायला शिकवलं नाही. पाण्याचा हक्क मागायला शिकवलं, तेही तळ्यात उतरून. आता पाणी आपल्या घरात उतरलंय. ते ओसरेल, चिखल वाळेल, ट्रक परत जातील. मागं काय ठेवून येणार, एवढंच ठरवा. कुणाची तरी मेहेरबानी म्हणून उभी राहिलेली भिंत, की म्हातारीच्या हातात तिच्या नावाचा उतारा?

जयभीम.